काकांचं बंद पाकीट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका नियमाचा माणूस अख्ख्या ओमानात सापडायचा नाही. सापडलाच तर तो माणूस नसून सिग्नल असेल! अल अमेरातच्या आमच्या बिल्डिंगीत लिफ्टमध्ये ‘सहा व्यक्ती’ लिहिलंय, म्हणून सातवे चढलेल्या सख्ख्या व्याह्यांना त्यांनी बॅगांसकट उतरवलं होतं. अशा माणसाला मराठी मंडळाच्या निवडणुकीचा अधिकारी नेमणं म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. सभासदत्वाच्या फॉर्मवर सही नसली की फॉर्म परत. पार तिकडच्या बरका गावाहून एक गृहस्थ तेवढ्या सहीसाठी गाडी हाकत आले, तर काकांनी त्यांना प्रेमानं पोहे खिलवले आणि सही रेघेबाहेर गेली म्हणून पुन्हा करायला लावली.

पण माणूस कोरडा नव्हे हं. यादीत नाव नाही म्हणून कोणी मत न देता परत जावं, हे त्यांना सोसवेना. म्हणून त्यांनी ‘तात्पुरतं मत’ आणलं. नाव सापडलं नाही तरी मत द्यायचं, बंद पाकिटात घालून वर नाव-सही करायची आणि वेगळ्या पेटीत टाकायचं. मग कागद तपासायचे. सभासद खरा निघाला तर पाकीट उघडायचं, नाहीतर तसंच बंद ठेवायचं. “आधी मत घ्या, चौकशी मागाहून. घरी गेलेला माणूस पुन्हा येत नाही,” काका म्हणाले.

त्या वर्षी अध्यक्षपदाला खुद्द काकू उभ्या होत्या आणि त्यांच्या विरोधात मंडळातल्याच दुसऱ्या एक बाई. वीस वर्षं मंडळासाठी अळूवड्या तळणाऱ्या काकूंना एकदा, फक्त एकदाच, त्या खुर्चीत बसायचं होतं. नवराच निवडणूक अधिकारी, तरी कोणी हरकत घेतली नाही. काकांना याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं? गंमत म्हणजे यादीत काकांचंच नाव नव्हतं. टायपिंगची चूक म्हणून आम्ही हसलो आणि काकांनी मुकाट्यानं पाकिटात मत टाकलं.

मोजणीत दोघींना सारखीच मतं पडली! पेटीत पाकिटं तीन. दोन पात्र ठरली, तीही दोघींना एकेक गेली. उरलं काकांचं. त्यांनी स्वतःचा फॉर्म शोधून काढला, उलटसुलट पाहिला आणि मटकन खाली बसले. दुनियेच्या सह्या तपासणारा हा माणूस स्वतःची करायलाच विसरला होता!

“काका, यल्ला, उघडा आणि खलास करा!” मी ओरडलो. काकूंच्या विरोधातल्या बाईसुद्धा ‘उघडा हो’ म्हणाल्या. काकू मान खाली घालून बसल्या होत्या.

“सही नाही. अपात्र,” काका म्हणाले. चिठ्ठ्या टाकल्या आणि काकू हरल्या.

मी इतका चिडलो होतो की पार्किंगमध्ये त्यांच्याशी भांडणारच होतो. पण तेच जवळ येऊन हळूच म्हणाले, “ही विचारतेय, ‘मत मलाच दिलं होतंत ना?’ अरे, मतदान गुप्त असतं. कसं सांगू, तूच सांग!” माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दोघं आता देवरुखला परत गेलीत. हल्ली आमची निवडणूक हात वर करून दहा मिनिटांत उरकते आणि मला काकांची फार आठवण येते. परवा फोनवर काकूंना विचारलं, काकांनी सांगितलं का हो शेवटी, मत कुणाला दिलं ते?

“छे रे! मला ठाऊक आहे ते,” काकू म्हणाल्या. “पण एकदा तोंडानं सांगितलं असतं ना, तर त्या खुर्चीचं मला काही वाटलं नसतं.”