तक्रारताईंची जाड अक्षरं

वाचलेला मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. पिरंगुटच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं टेबल त्या सांभाळायच्या, म्हणून सगळे त्यांना तक्रारताई म्हणत. मेल उघडला की त्याचं जाड अक्षर बारीक होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ताई तो वाचायच्या, वहीत टिपायच्या आणि बटण दाबून पुन्हा जाड करून ठेवायच्या. पंप दुरुस्त झाला, गिऱ्हाइकानं फोनवर 'झालं' म्हटलं, की मगच ते अक्षर बारीक व्हायचं. मी एकदा हसून विचारलं तर म्हणाल्या, "जाड दिसतंय तवर तितं कुनीतरी ताटकळतंय, सर. बारीक केलं की आपन इसरतो."

फोनवर तर त्यांची वेगळीच तऱ्हा. पलीकडच्याला त्या पंपाचा आवाज काढून दाखवायला लावायच्या. "काका, खरखर हाय का कुईकुई? जरा काढून दावा की. लाजताय कशाला, हितं मी एकलीच हाय." आणि स्वतःही काढून दाखवायच्या. अख्खं ऑफिस ऐकत असायचं. मेकॅनिक मुद्दाम विचारत, "ताई, आज कुणाचा पंप गायला?" त्या शांतपणे सांगायच्या, "दौंडचा. बेअरिंग गेलंय. डबा खाऊन निघा." आणि खरोखर बेअरिंगच गेलेलं असायचं.

कोळवणहून त्या एसटीनं यायच्या. मी लातूरकडचा, तेव्हा माणमध्ये खोली भाड्यानं घेऊन राहत होतो आणि कारखान्याचे कॉम्प्युटर, सर्व्हर, मेल सगळं एकटा बघत होतो. ताई आठवड्यातून एकदा घरच्या इंद्रायणीचा भात जास्तीचा आणायच्या. "मेसचं खाऊन वाळलाय पार. घ्या, लाजू नका." मी घ्यायचो. सांगायचं ते पुढंच आहे.

तक्रारींच्या मेलचं फोल्डर सर्व्हरवर सामायिक होतं. अशा प्रत्येक फोल्डरला एक यादी असते: कोणाला दिसेल, कोणाला लिहिता येईल, कोणाला पुसता येईल. आणि यादीत एक ओळ 'बाकी सगळे' यांच्यासाठी असते. ती कायम बंद ठेवायची. आमच्या यादीत दोघंच होते, ताई आणि सर्व्हिसचे मॅनेजर. आमच्या सर्व्हरवर एकानं मेल उघडला की तो सगळ्यांनाच वाचलेला दिसायचा, त्यामुळे ताईंची पद्धत चालायची ती यादी छोटी होती म्हणून. हे मला नीट माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

एके दिवशी मॅनेजरांना नवा कॉम्प्युटर दिला आणि त्यांना ते फोल्डर दिसेना. ते स्वतः कधी उघडत नसत, ताईच त्यांना कागद छापून देत. पण दिसत नाही म्हटल्यावर ते माझ्या डोक्यावर येऊन बसले. यादीत त्यांचं नाव एका गटामार्फत घातलेलं होतं, तरी दिसेना. मी खातं तपासलं, गट तपासले, सगळं बंद करून चालू केलं. दुपार गेली. शेवटी वैतागून, दोष यादीत आहे की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हे पाहायला मी 'बाकी सगळे' ही ओळ पूर्ण उघडली. फोल्डर टुणकन आलं. "वा! एवढं सोपं होतं होय?" म्हणत मॅनेजर गेले. चाचणीसाठी उघडलेलं चाचणी संपताच बंद करायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी म्हटलं, चहा घेऊन येतो आणि करतो. केलं नाही.

तीन आठवडे कारखान्यातल्या कुणालाही ते फोल्डर दिसत होतं, उघडता येत होतं. त्यातच भोरकडच्या एका वाडीच्या पाणीयोजनेचा मेल आला: पंपाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, कुणाला तरी पाठवा. ताई त्या वेळी टेबलावर नसणार. दुसऱ्या कुणीतरी सहज उघडला, आपलं काम नाही म्हणून सोडून दिला. अक्षर बारीक झालं. ताई जाड अक्षरंच बघत होत्या. त्यांच्यासाठी तो मेल आलाच नाही.

दहा-बारा दिवसांनी त्या पेटीनं विजेचा झटका देऊन पंप चालवणाऱ्या माणसाला फेकलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. नंतर एका सकाळी गावचे लोक मेलचा छापील कागद घेऊन फाटकाशी उभे राहिले. मोठ्या साहेबांनी अकरा वाजता सगळ्यांना बोलावलं.

मला कळलं तेव्हा साडेदहा झाले होते. मी जागेवर बसलो, यादी उघडली आणि ती ओळ तशीच उघडी पाहिली. ती बंद केली. मॅनेजरांचं नाव गटातून न देता सरळ यादीत घातलं. पाच मिनिटांचं काम, जे तीन आठवड्यांपूर्वी करायचं होतं. सगळं सावकाश, तपासून केलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण घाबरून केलं असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. घाबरलो नव्हतो. विचार करून केलं.

बैठकीत मॅनेजर म्हणाले, "मेल वाचलेला दिसतोय. मी कधी उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

ताई म्हणाल्या, "मी न्हाई वाचला, साहेब. वाचला आसता तर वहीत आसता. ही बघा वही."

"वहीत लिहायचं राहिलं असेल."

"न्हाई वो. झिणझिण्या म्हनल्यावर मी जेवले तरी आसते का?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "सरांना इचारा. त्यांना समदं दिसतं. सांगा वो सर, अजून कोन उघडू शकतं?"

मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोणाकोणाला परवानगी आहे?"

"आत्ता दोघांनाच आहे," मी म्हणालो.

यातला 'आत्ता' कुणी ऐकला नाही. मी तो ऐकू जाऊ नये इतक्या हळूच म्हटला होता. कोण कधी उघडतं याची नोंद ठेवायची सोय आम्ही चालूच केली नव्हती, त्यामुळे माझा शब्द हाच पुरावा होता. ताई माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या.

त्यांना टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं. महिन्याभरात त्या आपणहून गेल्या. जाताना सगळ्यांना भेटल्या, मलाही. "येते, सर. जेवत जावा येळच्या येळी." मी मान हलवली.

सात वर्षं गेली. मी दुसऱ्या कंपनीत गेलो, पगार वाढला, माणमध्येच फ्लॅट घेतला. नव्या पोरांना शिकवताना मी रागावून सांगतो, उघडलेली ओळ आधी बंद करा. त्यांना वाटतं, हा माणूस फार काटेकोर आहे. गेल्या महिन्यात एकानं तसंच म्हटलं, कौतुकानं. त्या रविवारी मी कोळवणला गेलो.

ताई आता शहरातल्या कुणाच्या तरी फार्महाऊसची झाडलोट बघतात. अंगणात भात वाळत घातला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खाली बसल्या.

"म्हंजे मी वाचला नव्हता?"

"नाही."

"मला वाटायचं, वाचला आसंल आन इसरले आसंन. त्या मान्साची बोटं माज्यापायी गेली." वाळत घातलेल्या भातावरून हात फिरवत म्हणाल्या, "त्यापायी परत लिवा-वाचायचं काम धरलंच न्हाई मी. बचत गटाच्या बायका म्हनल्या, हिशेब तू ठेव. न्हाई म्हनलं. मला इसर पडतोय म्हनलं."

मला वाटलं होतं त्या चिडतील, नाहीतर 'जाऊ द्या' म्हणतील. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी त्यांची नोकरी घेतली इतकंच मी समजत होतो.

त्यांनी आतून नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावलं. "आता ह्यांच्यासमोर म्हना." मी पुन्हा सांगितलं. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "आन तवा का न्हाई बोल्ला?" चहा आला, तो सासूबाईंनी केला.

"लिवून द्या," ताई म्हणाल्या. "एक मला, एक कारखान्याला, एक त्या वाडीला." मुलीच्या वहीतली पानं फाडून दिली. मी लिहिलं: तांत्रिक कारणामुळे हा मेल इतरांना उघडता येत होता, यात ताईंचा काही दोष नव्हता. सही केली.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग कागद माझ्याकडं परत सरकवला.

"तांत्रिक कारन म्हंजे कोन?"

मी ते दोन शब्द खोडले आणि तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं. तिन्ही कागदांवर.