संतरामची मोटारनाव

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. पैनगंगेच्या अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. अलीकडच्या माणिकराव देशमुखांना हौस आली आणि त्यांनी हैदराबादच्या कुण्या साहेबाची वापरून झिजलेली, नावेला लावायची मोटार आणून आपल्या लाकडी नावेच्या पाठीला लटकावली. ती चालवायला ठेवला संतराम. हिंगोलीत लॉऱ्या दुरुस्त करून हात काळे केलेला गडी, कामाला चोख आणि मानाला त्याहून चोख! मोटारीबद्दल कुणी दोन शब्द सांगितले की याचं डोकं फिरलंच.

मोटार आली तशी लिंबाजी भोयाच्या वल्ह्याच्या नावेतली माणसं तुटली. लिंबाजीनं कधी वाईट शब्द काढला नाही. संतरामला तेच जास्त टोचायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीच पलीकडून निरोप घेऊन आला. संतरामची बायको गोजरबाई, तिचं माहेर समोरच्याच काठाला. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती.

"बसा वैनी, असाच परत निघालो, पलीकडं सोडतो," लिंबाजी म्हणाला.

गोजरबाई पदर खोचून उठली, तर संतराम आडवा आला. "नदी भरून चालली. तुझी नाव व्हावत जाईल खाली अन् लागंल कुठंतरी. मोटार आत्ता पोचवती."

गोजरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर त्याचा शब्द कसा मोडायचा? ती मोटारनावेत जाऊन बसली.

संतरामनं मोटार चालू करायची दोरी ओढली. मोटार गप्प. पुन्हा ओढली. घामानं अंगरखा भिजला, मोटार साधी खोकली नाही. त्यानं ठिणगी पाडणारा प्लग काढला. ओला होता, पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल बराबर पोचत होतं. प्लग मोटारीच्या अंगाला टेकवून तिच्या डोक्यावरचं चाक फिरवलं. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. वायर बदलली, तीच गत. मग पावसाळ्याची ओल आतल्या तारांच्या गुंडाळीत शिरली असणार, असं ठरवून त्यानं ती सोडवली आणि उन्हात वाळत ठेवली.

"अवं, लिंबाजीभाऊ अजून काठालाच हाय," गोजरबाई हळूच म्हणाली. "जाऊ या न त्याच्या नावेत."

"काहून घाई करून राहिली? सापडलाच बिघाड!"

खरं तर काही सापडलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. गोजरबाई समोरच्या काठावरून नजर हलवत नव्हती.

गुंडाळी परत बसवताना संतरामला आपलंच बोट दिसलं. अजून पिवळं होतं. खंडेनवमीला सगळ्यांनी नांगर पुजले, विळे पुजले. यानं मोटार पुजली. वरच्या झाकणाला हळदीकुंकू लावून याचं समाधान झालं नाही. चाकाच्या खिडकीतून बोट घालून, जिथं दोन पॉइंट, म्हणजे धातूची टोकं, एकमेकांना टेकतात, सुटतात आणि ठिणगीला जन्म देतात, तिथंच यानं तेलात कालवलेली हळद भक्तीनं फासली होती. दसऱ्याला नाव काढलीच नव्हती. स्वतः धुतलेली, स्वतः पुजलेली जागा. तिथं दोष असेल हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं.

पेट्रोलात भिजवलेल्या चिंधीनं त्यानं पॉइंटांवरचं वीज अडवणारं ते तेल पुसलं. चाक फिरवताच निळी ठिणगी तडकली. पहिल्याच ओढीला मोटार धडधडली. संतराम लेकरासारखा हसला आणि काठावरच्या लिंबाजीकडे बघून त्यानं मिशीवर ताव दिला. ती मिशी पुढं त्याला जन्मभर नकोशी झाली.

नाव मध्यावर आली तेव्हा पलीकडे गोजरबाईचा भाऊ सखोबा दिसला. तो हात हलवत होता, काहीतरी ओरडत होता.

"आलो, आलो!" संतराम ओरडला.

सखोबाच्या डोक्यावर पागोटं नव्हतं. ते गोजरबाईनं आधी पाहिलं. तिनं नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बंद करा ते. दादा काय सांगून राहिला, ऐकू द्या मला."

इतक्या खटपटीनं चालू केलेली मोटार संतरामनं आपल्या हातानं बंद केली. नाव धारेला लागून खाली सरकू लागली आणि पाण्यावरून सखोबाचा आवाज स्पष्ट आला.

"गोजरे, आत्ताच गेली गं माय! सकाळपासून विचारत व्हती, नाव दिसती का म्हणून!"