मोडेममधला मामा

मला कुणाचाबी आवाज काढता येतो. शाळेत हेडसरांच्या आवाजात ओरडून मी अख्खी सातवी रांगेत उभी केली होती. मोडेमचाबी काढतो. आधी टूं-टूं, मग पत्रा फाडल्यासारखं खर्रर्र. त्यो शिकलो मामाच्या गावी, लोह्याला, त्याच्या एसटीडी बूथवर. तिथंच एक कंप्युटर टाकून मामानं नेट चालू केलं होतं. लाईन लागली की मामा मोडेमला हात जोडायचा, न्हाई लागली की चापट.

नेट आलं त्याच वर्षी मामा गेला. तवापासून बारसं असो का साखरपुडा, जेवणं उरकली की मामी म्हणायची, "काढ रे त्येंचा आवाज." मी जाड, घोगऱ्या आवाजात सुरू, "हाव साहेब, लाईन बिझी हाय, तवर चहा घ्या." सगळे पोट धरून हसायचे. मामीबी हसायची, मग तशीच भिंतीकडं बघत बसायची.

आता मी लातूरला डाळमिलचे वजनकाटे कंप्युटरला जोडून देतो. तिथं अजून जुना सिरियल पोर्टच चालतो, जुन्या मोडेमला लागतो तसला. म्हणून मामीनं मलाच फोन केला. "कपाट आवरून राहिले. त्यो डबा सापडला. त्यात त्येंचा आवाज हाय ना?"

होता. दुकान बंद असलं की फोन उचलून मामाचा आत साठवलेला निरोप ऐकवणारा मोडेम होता त्यो.

"लग्नाची कॅसेट बुरशीनं गेली," मामी म्हणली. "दुसरीकडं कुठंच न्हाई आवाज. तेवढा काढून दे बाबा. नात विचारती, आजोबा कसे बोलायचे."

रविवारी दुपारी लोह्याला जाऊन वायरी जोडल्या. स्क्रीनवर नुसते चौकोन आन् प्रश्नचिन्हं.

"हे काय लिवलंय?"

"मामा शिव्या देऊन राहिला, मामी."

"त्ये न्हाई देत व्हते शिव्या."

"मला देत व्हता की."

मोडेमचा आन् कंप्युटरचा स्पीड जुळत नव्हता. उतरवत उतरवत आणला तसं मोडेमनं 'ओके' लिहिलं. इतक्या वर्षांनी कपाटातून उठून ओके. निरोप कंप्युटरमधी ओढून घेतला आन् लावला. घोगरं, तुटक काहीतरी आलं.

"...स्का... कान... हे..."

मामी स्क्रीनजवळ सरकली. "हेच," ती हळूच म्हणली. "हेच त्ये."

मोडेम धडाधड पाठवत होता आन् मधलं मधलं सांडत होतं. 'थांब, घेऊ दे' म्हणायची सेटिंग, फ्लो कंट्रोल, बंद होती. ती चालू केली, परत ओढलं, परत लावलं.

या वेळी साफ आलं. बारीक, मऊ आवाज, मोठ्या साहेबापुढं उभं राहून बोलावं तसा. "नमस्कार. दुकान बंद आहे. कृपया नंतर फोन करा." मग जरा श्वास. मग लांबून, "झालं का गं हे बंद?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. "हे कोण?"

"मामा."

"न्हाई. त्येंचा आवाज जाड व्हता."

"मामी, शेवटी तुमालाच इचारलंय त्यानं."

"न्हाई रे. कुणीतरी दुसरंच हाय. नीट बघ."

मी सेटिंग बघितली. स्पीड बघितला, वायर काढून परत लावली. सगळं बरोबर होतं. मग मला आठवलं, मामा असाच बोलायचा. बारीक. जाड मी केला होता, लोक हसावेत म्हणून. मामी इतकी वर्षं भिंतीकडं बघून जे ऐकायची, त्यो मीच होतो.

तिनं आतून नातीला हाक मारली. पोरगी येऊन मांडीला टेकली. मामी मला म्हणली, "ऱ्हाऊ दे त्यो डबा. तू काढ."

मी बारीक आवाजात, मऊ, 'नमस्कार' म्हणलं.

पोरीनं मामीकडं बघितलं.

"असं काय करतो," मामी म्हणली. "नीट काढ की."