नळीतले दोन तास

प्रयोगशाळेच्या तळघरात उंदीर सांभाळणाऱ्या मावशीला कायम व्हायचं होतं. अकरा वर्षं रोजंदारीवर पिंजरे धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिच्या अंगाच्या वासाने सुनेला मळमळतं, असं मुलगा जेवताना ऐकवायचा. कायम झाल्यावर वास जाणार नव्हता, पण बोलणी थांबली असती. संशोधन करणाऱ्या मॅडमनी शब्द दिला होता, हा प्रयोग तडीस गेला की शिफारशीचं पत्र.

प्रयोग असा. चाळीस उंदरांना रोज दोन तास अंगाला घट्ट बसणाऱ्या नळीत कोंडायचं, मग हौदात सोडायचं आणि पाण्याखालचा पाट कोण किती लवकर शोधतो ते बघायचं. निम्म्यांना आधी थायमस ग्रंथीतल्या पेप्टाइडांच्या औषधाची सुई, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. भेदरलेल्या जिवाची शिकायची अक्कल औषधाने टिकते का, एवढाच सवाल. कोणाला काय टोचलंय ते मावशीला कळू नये म्हणून पिंजऱ्यांवर फक्त आकडे. पण बाटल्या मांडायची तीच. औषधाची फ्रिजमधून यायची, मिठाच्या पाण्याची फळीवरून. आंधळ्यालाही कळलं असतं.

तिला फळीवाल्यांची कणव आली. औषध नाही ते नाही, वर कोंडणंही तेवढंच? मॅडम चहाला गेल्या की ती त्यांच्या नळ्यांची झाकणं काढायची, एकेकाला ओंजळीत घेऊन बसायची, जिन्यात पावलं वाजली की परत आत.

निकाल लागला तर दोन्ही गट सारखेच हुशार. औषध कुचकामी ठरलं म्हणून मॅडम तीन दिवस धड जेवल्या नाहीत. त्यांचं उतरलेलं तोंड बघवेना, तेव्हा मावशीने सगळं सांगून टाकलं.

मॅडम चिडल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

"किती जणांना काढायचात?"

"वीसच्या वीस. मुकी लेकरं हो ती, मॅडम."

"आता या लेकरांचा मला काय उपयोग?"

मॅडमनी पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं.

"गॅसच्या पेटीत तुम्हीच घाला. उरलेल्या विसांनाही."

तिने घातले. औषधवाल्यांना शेपटीला धरून काढावं लागलं. ओंजळीची सवय झालेले वीस आपणहून हातावर चढले.

नवी तुकडी आली. पहिला आठवडा मॅडम शेजारी बसल्या, पुढे गरज उरली नाही. मावशी मांडीवर घड्याळ घेऊन बसायची. नळ्यांतून नखं वाजायची. दोन तास म्हणजे दोन तास. कुठली बाटली कोणाला, हे बघणंच तिने सोडलं. या खेपेला औषधवाले पाटावर झटकन पोचले, मिठाच्या पाण्याचे गरगरत राहिले. वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या.

मग तिने पत्राचं विचारलं.

"पहिल्या तुकडीचं वर कळवावंच लागलं, मावशी. आता कायम करणार नाहीत तुम्हाला." मॅडम कागद चाळत होत्या. "पण सोमवारी साठ येताहेत. नळीचं काम तुमच्याइतकं चोख कोणी करत नाही. रोजावर येत राहा."

मावशीने विचारलं, "किती वाजता?"