जैबुनच्या तारखा

सफियाखाला रस्त्यानं चालली की भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या बायका पोरांना दारातून आत ओढायच्या. वाईट कुणी बोलत नव्हतं. सलाम करायच्या, चहाला विचारायच्या, पण दोन हात लांबून. तिचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, एवढंच. मोहल्ल्यात बाई मेली की गुस्ल द्यायला, म्हणजे दफनाआधीची शेवटची आंघोळ घालायला, तिलाच बोलावत. सव्वीस वर्षं ती हे करत होती. अंगणात चादरींचा आडोसा लागायचा, बोरीचा पाला घालून पाणी उकळायचं, आणि कापराचा वास गल्लीत सुटला की लोक हळू बोलायला लागायचे. तिच्या हातांचा तो वास कधी गेला नाही. ईदच्या शिरखुर्म्यालाही कापराचा थोडा वास येतो असं मी म्हटलं तर तिची सून हसायची, पण वाटी खाली ठेवायची.

मी काल्हेरची, आगरी घरातली पोर. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं रेशनच्या रांगेत आणि पोलीस चौकीच्या बाकड्यावर शिकले. दोन हजार सहा साली आमच्या महिला मंडळानं छातीच्या गाठी तपासायचं शिबिर लावलं. मुंबईहून डॉक्टरीण आली, पंखा आणला, पडदा लावला. पहिल्या दिवशी बायका आल्या चार, त्यातल्या दोघी पंख्याखाली बसायला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, या मोहल्ल्यातल्या बायकांची अंगं बघितलेली एकच बाई आहे, तिलाच धरते.

"काय गो निशा," खाला म्हणाली, "माझ्याकडं बायका येतात त्या आपल्या पायांनी येत नाहीत. तुझ्या शिबिराला काय उपयोग माझा?"

"किती जणींच्या गाठी बघितल्या तेवढं सांग. नाव नको."

"मेलेलीचं सांगायचं नसतं."

"अगं पण जिवंत वाचतील ना!"

तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. "धुणारीनं मेलेलीचा ऐब, अंगातली खोट, झाकायचा. तू तिचा झाकलास तर अल्ला तुझा झाकतो. आता भांड." मी भांडले. तिनं दुसरा चहा आणला. बस.

माझ्याकडं तेव्हा एक हुकमी पत्ता होता, जैबुन. मुलींच्या उर्दू शाळेत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी मीच तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर रोज एक छोटी पांढरी गोळी, पाच वर्षं. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या. चुकू नये म्हणून मीच तिला युक्ती दिली होती की प्रत्येक गोळीच्या वर बॉलपेननं तारीख लिही. ती आणल्या दिवशी बसून सगळ्या पाकिटांवर तारखा लिहायची, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात. मी तिला सभेत उभी करायची आणि ओरडायची, "बघा! एक गोळी, रोज, बस! घाबरताय कशाला?"

टाळ्या पडायच्या. ते वाक्य मी निदान पन्नास वेळा बोलले असेन. ते इथं लिहिताना मला आनंद होत नाही.

त्याच वर्षी अठ्ठावीस नोव्हेंबरला हायवेवर पडघ्याजवळ ट्रकनं रिक्षा उडवली. जैबुन जागीच गेली. आजारानं नाही गेली, हे मोहल्ल्यानं नीट लक्षात ठेवलं. गाठीला हरवलेली बाई ट्रकनं मारली, म्हणजे गोळी खरी.

गुस्ल सफियाखालानंच दिलं. रिवाजाप्रमाणं मेलेलीचे दोन सूट धुणारीला मिळाले, आणि त्या बोचक्यात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. आत पंधरा पाकिटं गोळ्या. जैबुनच्या नणंदेला वाटलं, असू दे, कुणाच्या कामाला येतील. आलेल्या चीजवस्तू खाला कधी टाकत नसे. आमच्या भिवंडीत कुणीच टाकत नाही. लूमवर उरलेलं सूत टाकत नाहीत, तर औषध कोण टाकतंय?

जानेवारीत मी खालाकडं गेले ते वेगळ्याच कामाला. तिचा मुलगा ओसामा सायझिंगमध्ये, तिथं ताण्याच्या सुताला कांजी लावतात. त्याची ड्युटी होती. सून अफीफा ओट्यापाशी उभी होती. एकतीस वर्षांची पोर, चेहरा उतरलेला. हातात पाण्याचा पेला. तिनं पाकिटातून गोळी दाबून काढली आणि तोंडात टाकण्याआधी त्यावरची तारीख मोठ्यानं वाचली.

"उन्नीस जनवरी."

त्या दिवशी एकोणीस जानेवारीच होती. पाकीट मी ओळखलं नाही, अक्षर ओळखलं. गोल, फळ्यावरचं. दीड महिन्यापूर्वी मातीत गेलेल्या बाईनं आजची तारीख लिहून ठेवली होती, आणि ही ती वाचून गिळत होती. बाहेर सगळ्या गल्लीत लूम धडधडत होते. तरी तिचा घोट मला ऐकू आला.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

खाला आतून आली. तिनं सांगितलं. डिसेंबरात सुनेच्या अंगाला तेल चोळताना तिच्या हाताला छातीपाशी गाठ लागली होती. "हात फिरला आणि हाताला कळलं. सव्वीस वर्षांचा हात हाय." गावातल्याच दवाखान्यात गाठ काढली. तुकडा तपासायला गेला. डॉक्टरनं रिपोर्ट हातात दिला आणि ताबडतोब मुंबईला जा म्हणाला. रिपोर्ट बंद पाकिटात कपाटावर पडून होता. मुंबईला कशाला? बिमारी तीच, आणि गोळ्या घरात.

"पहिल्या दोन पाकिटांना हात लावला न्हाय," खाला म्हणाली. "मधल्या तारखा जैबुनच्या. त्या तिच्या तिला. हिनं सुरू केली त्या दिवसाच्या तारखेपासून."

डब्यात ती दोन पाकिटं होती, एकही गोळी न फोडलेली. बाई मेल्यानंतरचे वीस दिवस, जसेच्या तसे.

मी रिपोर्ट घेतला आणि दुसऱ्या दिवशी ओसामाला घेऊन मुंबई गाठली. शिबिराची तीच डॉक्टरीण भेटली. तिनं कागद वाचला, मग मी आणलेलं पाकीट बघितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"निशाताई, नाव एक असलं तरी आजार एक नसतो. काही गाठी बाईच्या अंगातल्या रसावर वाढतात. ही गोळी त्या रसाची वाट अडवते. तुमच्या जैबुनची तशी होती. काही गाठींना वेगळंच इंजेक्शन लागतं. अफीफाची या दोन्हींतली नाही. तिला ती वाटच नाही, मग गोळी अडवणार काय? वय, पाळी चालू की गेली, गाठ कुठल्या जातीची, हे बघून प्रत्येकीचं औषध ठरतं. हिला सलाईनमधून औषध द्यायला हवं, आणि लवकर. ही जात वाट बघत नाही."

ओसामा जिन्यात म्हणाला, "म्हणजे ताई, पॉलिस्टरला कॉटनची कांजी लावली आपण."

"आपण नाही. मी," मी म्हटलं. पन्नास सभा. एक गोळी, रोज, बस.

आता अफीफाला उठवून मुंबईला न्यायचं, एवढंच उरलं होतं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. पण पोर हलेना.

"जैबुनबाजी येते," ती म्हणाली.

"कुठं येते?"

"दुपारी. लाईट गेली की. लूम बंद पडतात ना, तेव्हा. ओट्यापाशी उभी राहते आणि तारीख सांगते. कधी कधी मी विसरते आज काय तारीख ते, तीच सांगते."

"आणि चुकते का कधी?" मी टोमणा मारला.

"नाही," अफीफा शांतपणे म्हणाली. "तिच्या तारखा सत्तावीस एप्रिलपर्यंत हायत. तवर मला काही होत नाही. ते सलाईन घेतलेली बाई मी बघितलीय, ताई. केस जातात, भुवया जातात. मुर्द्यासारखी दिसत होती. मी अशीच बरी."

"अगं सत्तावीस एप्रिलनंतर काय?"

त्यावर ती नुसती हसली. जणू पुढच्या पाकिटाची सोय कुणी केली होती.

मी आठ दिवसांत पाच खेपा घातल्या. शिव्या दिल्या, पाया पडले. ओसामानं डबा लपवला तर ही जेवेना. शेवटी मी खालाला गाठलं. "तू दिलास डबा, तूच काढून घे. तुझ्या हातानं धुतलेल्या बायका काय कमी आहेत? सांग तिला काय बघितलंस ते!"

"मेलेलीचं सांगायचं नसतं."

"मग तिलाही धू. पाला आणून ठेव."

हे मी बोलले. तोंड माझं असंच आहे. खालानं माझ्याकडं बघितलं आणि ती आत गेली. मला वाटलं, आता चहा येईल. चहा आला नाही.

तेवढ्यात लाईट गेली. दुपारचे दोन वाजले असतील. भिवंडीत लूम थांबतात तेव्हा शांतता होत नाही, कानात काहीतरी उलटं वाजायला लागतं. एक गल्ली बंद पडली, मग पलीकडची, मग सगळं. अफीफा ओट्याकडं बघत होती. तिथं कुणी नव्हतं. पण कापराचा वास आला, आणि मी, भुतं उतरवणाऱ्या भगताच्या घरासमोर उभी राहून त्याला चोर म्हणालेली बाई, मी पाय वर घेऊन बसले.

वास खालाचा होता. ती सुनेच्या पुढ्यात येऊन बसली.

"एक बाई होती," ती म्हणाली. "नाव घेणार न्हाय. तिला पण अशीच गाठ. लाजली, कुणाला बोलली न्हाय. तिनं पण दुसऱ्या मेलेलीच्या गोळ्या खाल्ल्या, याच गोळ्या, चार महिने. माझ्याच घरातून गेल्या. रोज हात लावून बघायची, बारीक झाली का. झाली न्हाय. छातीतली काखेत आली. इथं." तिनं स्वतःचा डावा हात उचलला आणि दोन बोटं काखेत ठेवली. "सुपारीएवढी. वर एक तीळ हाय, त्या तिळाला पण तिनं ढकलून बाजूला केलंय. दाबली तर हलत न्हाय. थंड लागते. बाकीचं अंग गरम, ती एवढी थंड."

अफीफाचा श्वास ऐकू येत होता.

"तुझी दाखव," खाला म्हणाली.

"अम्मी, माझी काढली."

"काखेतली दाखव."

मग अफीफाचा हात आपोआप उठून काखेत गेला आणि तिथंच थांबला. तिला ती आधीच माहीत होती. आम्हाला नव्हती.

"केवढी?"

"बोराएवढी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मग ऊठ. सुपारी व्हायच्या आत ऊठ. जैबुन आली तर मी बोलते तिच्याशी. माझी तिची वळख हाय."

लाईट आली. सगळे लूम एकदम सुरू झाले आणि अफीफा दचकून उभी राहिली. उभी राहिलीच होती, मी तिला बसू दिलं नाही. तसाच बुरखा चढवला आणि रिक्षा बोलावली.

पुढचे सहा महिने लिहिण्यासारखे नाहीत. उलट्या झाल्या, केस गेले, भुवया गेल्या. सत्तावीस एप्रिलला ती सलाईन लावून खुर्चीत होती. सकाळपासून चार वेळा तिनं मला तारीख विचारली. चौथ्यांदा मी खेकसले, "अठ्ठावीस लागली असं समज!" पिशवी संपली. नर्सनं सुई काढली. तिनं खिडकीकडं बघितलं, ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि म्हणाली, "भूक लागली, ताई." त्या आजारात पहिल्यांदा. काखेतली गाठ विरली, उरलेलं ऑपरेशनमध्ये निघालं.

मला मात्र खालाचं कोडं सुटत नव्हतं. नेम मोडल्यावर ती धुणं सोडेल असं मला वाटलं होतं. तिनं सोडलं नाही. बोलावणं आलं की निघायची, पूर्वीसारखीच. "खाला, एकदा सांगितलंस ना मेलेलीचं?" मी चिडवायची. ती हसायची. चहा देताना उजव्याच हातानं द्यायची, डावा खांद्यापासून वर जात नव्हता. मी म्हटलं, वय झालं. तिच्या शेजारी बसून दोन वर्षं चहा प्यायले आणि म्हटलं, वय झालं.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात सफियाखाला गेली. तिला धुवायला कुणाला बोलवायचं यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, तेव्हा अफीफानं बाह्या वर केल्या. मी चादरींच्या बाहेर बसले होते. पाणी ओतल्याचा आवाज येत होता. उजवी बाजू झाली. मग डावी सुरू झाली आणि पाणी थांबलं. बराच वेळ थांबलं.

अफीफा बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले, कापराचा वास.

"ताई, अम्मीनं त्या दिवशी तीळ सांगितला होता. आठवतो?"

"हो."

तिचा हात डाव्या काखेशी गेला होता.

"अफीफा, सांग मला. होती का तिला?"

"मेलेलीचं सांगायचं नसतं," ती म्हणाली.

मग मला समजलं. खालानं नेम मोडलाच नव्हता. त्या दुपारी तिनं जिवंत बाईचंच, स्वतःचं, सांगितलं होतं. सुनेला डबा दिला तेव्हा तीही त्याच गोळीच्या आशेवर असणार. आणि मी तिला म्हणाले होते, पाला आणून ठेव. तिची गाठ कुठल्या जातीची होती, तिला कुठलं औषध लागू पडलं असतं, कुणी तुकडा काढून बघितला नाही. माझं शिबिर तिच्या घरापासून दोनशे पावलांवर होतं, पंख्यासकट.

चाळीसाव्या दिवशी अफीफानं मला एक बोचकं दिलं. रिवाज धुणारीला द्यायचा, पण ती म्हणाली, हे तुमचं. आत त्याच गोळ्यांची बारा रिकामी पाकिटं होती, खालाच्या कपड्यांखाली सापडलेली, चार महिन्यांची. मी एकेक उजेडाला धरून बघितलं. तारखा कुठंच नव्हत्या. खालाला लिहिता येत नव्हतं.