दोन बोटं लाकूड

रोह्याजवळ वरसे गावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक शोकेस होती आणि तिच्यात झाडं कापायची मशिनं होती. शेजारणींच्या शोकेसमध्ये बाहुल्या, काचेचे हत्ती, कंपनीनं दिवाळीला दिलेली घड्याळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार असल्या की मी आधी शोकेसवर चादर टाकायची. एकदा एका चौकस बाईनं वाण घेता घेता चादर वर केली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर झाडं तोडायला जातात का हो?" मी शाळेत शिक्षिका, पावसाळ्यात मुलांकडून 'झाडे लावा'च्या घोषणा घोकून घेणारी. बाईंना काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण कान तापले होते ते आठवतं.

आमचे हे झाडं तोडत नव्हते, हीच तर पंचाईत होती. तोडत असते तर धंदा आहे म्हणून सांगता आलं असतं. हे रोह्याच्या एका कंपनीत फिटर. शिफ्ट सुटली की बाकीचे पत्ते कुटायचे, हे भंगारवाल्यांकडे जायचे. पहिलं मशीन पेणच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं, मुंबईला जहाजं तोडतात तिथल्या लोखंडाबरोबर आलेलं. परदेशी, जुनंपानं, पाट्याइतकं जड, आणि दातांची साखळी गंजून एकजीव झालेली. दुसरं एका लाकडाच्या वखारीमागे सापडलं, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेलं. मग चटकच लागली. एकेक भाग सुटा करायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, पुठ्ठा कापून सांध्यात बसवायला गॅस्केट करायचं, साखळीचा एकेक दात गोल कानशीनं घासायचा. घरभर वास. आमटीलाही वास येतो असं मी म्हणायची, ते खरं नव्हतं, पण म्हणायची.

सगळं जोडून झालं की मशीन ओढ्याकाठी न्यायचं आणि दोरी ओढत बसायचं. एकदाचं ते घुरघुरलं की एखादा पडलेला ओंडका कापायचा, तोंडभर हसायचं, आणि मशीन पुसून परत शोकेसमध्ये. बस्स. ह्याचा उपयोग काय, असं विचारलं की म्हणायचे, "मेलेलं होतं, बोलायला लागलं की नाही?"

एकदा पेणहून येताना असंच एक मशीन माझ्या जुन्या साडीत गुंडाळून पॅसेंजर गाडीत मांडीवर घेऊन बसले. समोरच्या म्हातारीनं मायेनं विचारलं, "आजारी हाय काय पोर?" डब्यातली माणसं हसली, हेही हसले. मी उठून पलीकडच्या बाकावर गेले आणि खिडकीबाहेर बघत बसले, जणू हा माणूस माझा कोणीच नाही.

माझं माहेर जिते स्टेशनच्या पुढं, खाडीकडच्या अंगाला. बाबांची थोडी भातशेती आणि उन्हाळ्यात मिठागराचं काम. बाबांचं त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलेलं होतं. दोन्ही घरांच्या पडव्या समोरासमोर, पण वर्षानुवर्षं दोघे एकमेकांना ओलांडून बघायचे. आई आणि काकू विहिरीवर गुपचूप बोलून घ्यायच्या, तेवढंच.

ऐन भादव्यात बाबा गेले. आमच्या गावात माणूस गेला की लाकडं वखारीतून आणत नाहीत. भावकीतले पुरुष कुऱ्हाडी घेऊन जमतात आणि प्रत्येकानं निदान एक घाव घालायचा असतो. ज्यांचं वाकडं असतं तेही येतात. त्यांनी काही बोलावं लागत नाही. घाव घातला की वाकडं संपलं, अशी रीत. गेलेल्या माणसाशी समेट करायची आमच्याकडे ही एवढीच सोय होती. बाबांनी परसातला वठलेला आंबा आधीच दाखवून ठेवला होता, "ह्यो माजा."

जावयाला ह्यात काही काम नसतं. त्यानं पडवीत बसायचं, शेजारच्या घरून चहा आला तर नको म्हणायचं. पण हे शिफ्ट सुटल्यावर मागाहून आले ते गोणीत मशीन घालूनच. पाऊस लागला होता, आंबा जाडजूड होता, आणि ह्यांना बाबांसाठी काहीतरी करायचं होतं. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी आत आईजवळ बसले होते. भाऊही आतच होता, बाबांच्या उशाशी.

आणि परसात ते मशीन सुरू झालं.

मयताच्या घरात असला आवाज कोणी ऐकला नसेल. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "गिरन चालू केली काय गो?" दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं की असली वस्तू कोणाच्या नवऱ्याची असणार. मी पदर तोंडावर ओढून घेतला. बाप समोर निजलेला, आणि मी पदराआड रडत नव्हते, लाजेनं मरत होते. त्या लाजेचीही मग लाज वाटली.

शेवटी उठून मागल्या दाराशी गेले. लवकर आलेले दोघे-तिघे मजा बघत उभे होते. आंबा आडवा पडलेला, आणि हे ओंडक्यामागून ओंडका कापत चाललेले. भावकीतली बाकीची माणसं चिखल तुडवत येत होती आणि रास बघून कुऱ्हाड खाली टेकवत होती. कोणाला काही करायलाच उरलं नव्हतं. शेवटचा तुकडा पडला तेव्हा आवाज थांबला, आणि तेवढ्यात माडांच्या वाटेनं काका आले. खांद्यावर कुऱ्हाड, अंगात धुतलेला सदरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्या परसात पाऊल टाकत होते.

ते राशीपुढं उभे राहिले. "समदं झालं?"

ह्यांनी घाम पुसला आणि भाबडेपणानं, अगदी कौतुकाची वाट बघत सांगितलं, "झालं काका. काही ठेवलं नाही."

"माज्या वाटचं बी नाय ठेवलंत?"

  काका खांद्यावरची कुऱ्हाड न उतरवताच आले त्याच वाटेनं परत गेले. स्मशानातही आले नाहीत. आई पुढं कितीतरी दिवस तेच म्हणत राहिली, "आला व्हता गो त्यो. कुराड घेऊन आला व्हता."

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "मला माहेरात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत."  पुढच्या सुट्टीच्या दिवशी ह्यांनी शोकेस रिकामी केली आणि मशिनं भंगारवाल्याला परत नेऊन दिली. आंबा कापलेलं तेवढं मात्र दिलं नाही. "हे राहू दे," म्हणाले, आणि गोणीत बांधून माळ्यावर टाकलं. अधूनमधून खाली काढून तेलपाणी करायचे. दोरी कधी ओढायचे नाहीत. मी शोकेसमध्ये एक बाहुली आणून ठेवली. बाहुली छान होती, पण तिच्याकडे बघून काही बरं वाटलं नाही.

माहेरी गेले की नाक्यावरची माणसं म्हणायची, "मशिनवाल्यांची बाय आली." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून भराभर घर गाठायची. बाबांचं भांडण आता भावाकडे आलं होतं. काकांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाला आम्हाला आमंत्रण नव्हतं. मांडव समोरच होता, आणि आई दार लावून आत बसली होती.

काही वर्षांनी शेजाऱ्यांकडे फोन आला. काकांचा धाकटा मुलगा बोलत होता. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला, पण ओळखला. "ताई, बाबा गेलं." मग जरा थांबून, "दाजींना मशीन घेऊन याया सांग. मानसंच नायत गो. समदी शिफ्टला हायत."

ह्यांनी ऐकलं आणि माळ्यावर चढले. मी दार अडवून उभी राहिले. "पाया पडते तुमच्या. त्या घरात ते नेऊ नका. एकदा झालं तेवढं पुरे." ह्यांनी गोणी खांद्यावर घेतली आणि मला हलक्या हातानं बाजूला केलं. 

गावात पोचलो तर माझा भाऊ स्वतःच्या पडवीत बसलेला. मयताला बोलावणं लागत नाही, तरी तो उठला नव्हता. कुऱ्हाड मात्र शेजारी होती. "माज्या बापाच्या वक्ताला त्यानं घाव घातला नाय," तो मला म्हणाला. "मंग मीच का?"  घाव का घातला गेला नाही ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं.

मी काकूजवळ जाऊन बसले. काकूनं माझा हात धरला. मागे मशीन सुरू झालं, बायका गप्प झाल्या, आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. तोंड झाकून मी मागल्या दाराच्या फटीतून बघत होते. काकांच्या परसातलं झाड आडवं पाडून हे कापत होते, पण ओंडका काही सुटत नव्हता. पातं आत जायचं, खाली उतरायचं, आणि तुटायच्या आधी हे ते बाहेर काढायचे आणि पुढं सरकायचे. अख्खं झाड असंच. काप पडलेला, पण एकही तुकडा वेगळा नाही. मला वाटलं, इतकी वर्षं पडून मशीन बिघडलं. आता हे बिघडलेलं मशीन घेऊन हा माणूस सगळ्या गावासमोर उभा राहणार. 

ह्यांनी मशीन बंद केलं आणि खाली ठेवलं. मग अंगण ओलांडून समोर माझ्या भावाच्या पडवीशी गेले; पुढचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत, ऐकू येत होतं.

"चल," म्हणाले. "सगळीकडे दोन बोटं लाकूड ठेवलंय. ज्याचं त्यानं तोडायचं."

भाऊ हलला नाही. हेही हलले नाहीत. तिथंच चिखलात उभे राहिले. अखेर भावानं कुऱ्हाड उचलली.

पहिला घाव पडला तसं लाकूड कडकन सुटलं. काकूनं माझा हात दाबला. "ह्यो घाव कोनाचा गो?"

"माझ्या भावाचा," मी म्हणाले.

 बाहेर भाऊ तो ओंडका एकट्यानं उचलू बघत होता. दुसरं टोक काकांच्या धाकट्यानं धरलं. मग गावातले म्हातारे एकेक करून पुढं आले. शिफ्टवरून सुटलेली पोरंही सायकली टाकून थेट परसात आली. प्रत्येकाच्या वाटचं होतं.

लाजेनं ओढलेला पदर मी तसाच ठेवला. आता आत मी हमसून रडत होते, काकांसाठी, आणि बाबांसाठीही, तेव्हा राहून गेलेलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "हे तुमच्या डोक्यात कधी आलं?"

"काका मागे फिरले तेव्हा," हे म्हणाले.

इतकी वर्षं हे माळ्यावरचं मशीन पुसत होते आणि मी खाली बाहुली. ह्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या मांडीवरची गोणी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. पेट्रोलचा वास येत होता, साडीला तेल लागत होतं. समोरची बाई टकामका बघत होती. जित्याचं स्टेशन मागे पडल्यावर तिनं विचारलंच, "काय हाय गो त्यात?"

"आमच्या ह्यांचं मशीन आहे," मी म्हणाले.