दोरा बांधलेली शिराळी

१९३८च्या वैशाखात आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याचा आमचा पाडा सोडला. आदल्या पावसात नाचणीचा तुकडा दरडीखाली गेला होता; परत येऊन कसण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना चुलती एवढंच म्हणाली, “दसऱ्याला या रे. देवाचं घेऊन या.” मुरबाडवरून चालत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेणव्याला पोचलो.

तिथे विहिरीकाठची एक वाडी अर्धेलीने, निम्मं पीक मालकाला या बोलीवर, मिळाली. मालकाची अट सरळ होती. श्रावणापासून दर बाजाराला शिराळ्यांची, म्हणजे दोडक्यांची, भरली पाटी शहापूरला गेली पाहिजे. दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर वाडी दुसऱ्याला.

वेल जोरात आले. फळ धरलं, तसा वडिलांनी प्रत्येक वेलाच्या पहिल्या शिराळ्याला दोरा बांधला. पाड्यावर रीतच होती: पहिलं फळ देवाचं, दसऱ्यापर्यंत तोडायचं नाही. तिकडे दारापुढे दोन वेल असत आणि खाणारी घरचीच माणसं. इथे चाळीस वेल होते. दोऱ्याची शिराळी जून होऊन लटकली आणि वर नवं फूल येईना. भादव्यात लागोपाठ दोन बाजार पाटी अर्धीही भरली नाही. तिसऱ्याला मालक मांडवाखालून फिरून गेला.

शेजारची ठकूबाई, जन्मभर वाडी केलेली, कुंपणावरून आईला म्हणाली, “अगो, चाळीस म्हातारे वेलांच्या कडेवर दिलेस. त्यांना पोरं कवा व्हायची?”

त्याच दुपारी आईने कोयता घेतला.

“हात लावू नको,” वडील म्हणाले. “पाड्यावर काय तोंड दाखवू?”

“दसऱ्याला आपुन हितं तरी असू का?”

तिने चाळीसही तोडली. वडिलांनी अडवलं नाही. ते जेवलेही नाहीत. पहाटे त्यांतली पाच फडक्यात बांधून ते एकटेच पाड्याकडे निघाले. सहाव्या दिवशी परतले. तिकडे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. पाड्यावर राहिलेल्यांनी ही हकिगत वेगळी ऐकली असेल. मी पाहिली ती अशी.

पुढचे दोन बाजार पाटी रिकामीच राहिली. मग वेल फुलले. दिवाळीआधीच्या तिन्ही बाजारांना ती भरून गेली. कार्तिकात मालकाने वांग्याची रोपं लावायला सांगितलं.

पुढच्या श्रावणात वडिलांनी पहिलं शिराळं शेणव्याच्या वेशीवरच्या देवापुढे ठेवलं. ते कोवळं होतं.